औंढ्याच्या डोंगरात बुडवलेली मिनिटं

पुण्याच्या विक्रांत नावाच्या ड्रायव्हरने डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावरच्या परसराम राठोडला फसवलं, आणि रॅलीच्या आयोजकांनी ते डोळ्यांदेखत चालवून घेतलं. मी परसरामच्या शेजारच्या सीटवर होतो, म्हणून सांगतो. ज्यांना एवढाच वेळ आहे त्यांनी इथवर वाचून थांबलं तरी माझी हरकत नाही. बाकीच्यांनी माझ्याबरोबर हिंगोली जिल्ह्यात यावं. फसवणुकीपलीकडेही तिथं पाहण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी सहसा कशाचं कौतुक करत नाही.

मी इचलकरंजीचा. गाड्यांचे सुटे भाग विकतो. भंगाराच्या हातगाडीपासून सुरुवात केली, आता स्वतःचं दुकान आहे. कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाडीला नवी इंजेक्शनची यंत्रणा बसवून देणं हा माझा मुख्य धंदा. काढलेले कार्बोरेटर मी फेकत नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन ते शोधत येतात आणि माझ्याशी घासाघीस करून थकून जातात. मराठवाड्यात जुन्या जीपा अजून धावतात असं कळलं, म्हणून इंजेक्शनचा एक सेट गाडीत टाकून मी निघालो. फेब्रुवारी लागला होता.

जवळा बाजार

पोचलो तो बाजाराचा दिवस होता. कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, भाव वाढेल म्हणून धरून ठेवलेलं सोयाबीन आता कुठं बाहेर पडत होतं. आमच्याकडे बाजारात माणूस आधी भाव विचारतो. इथं आधी गाव विचारतात, मग चहा येतो, मग कुणाच्या घरचे ते निघतं. भावाची वेळ येईपर्यंत तुम्ही समोरच्याचे निम्मे सोयरे झालेले असता. मग घासाघीस कोणत्या तोंडानं करणार? ही धंद्याची चाल आहे हे मला तिसरा चहा पिताना उमगलं. मनातल्या मनात हात जोडले.

परसराम राठोड आपल्या उघड्या जीपच्या बॉनेटवर बसून भजी खात होता. धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, काळा चष्मा, खांद्यावर दस्ती, म्हणजे चौकटीचा पंचा. शेतकरी आहे, हळद आणि सोयाबीन करतो, आणि बाजाराच्या दिवशी जीपमधून माणसं आणि पोती वाहतो. मी इंजिनात डोकावलो. कार्बोरेटर असा लखलखत होता की देवघरात ठेवावा.

"विकायचा का?" मी विचारलं.

"जीप विकीन, बैल विकीन, कारबेटर न्हाई."

"का?"

"जीप दुसरी भेटंल. ह्यो माह्या हाताला बसलाय."

मी त्याला माझा नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. इंजेक्शन घे, चोक ओढायला नको, सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू, पेट्रोल कमी.

"आन बंद पडली म्हंजी?"

"पडत नाही."

"पडली म्हंजी?"

"स्कॅनर लावायचा. काय बिघडलंय ते तो दाखवतो."

"स्कॅनर कुठं भेटते?"

"नांदेडला."

त्यानं मान वळवून भजीवाल्याला हाक दिली. "ओ मामा, नांदेड कितीक लांब हाय?"

भजीवाल्यानं झारा कढईवर आपटला. "चालत्या गाडीनं विचारून राहिला का बंद?"

सगळे हसले. माझं डोकं गरम व्हायला एवढं पुरतं. मी उठलो तर परसरामनं माझ्या हातात भज्यांचा कागद दिला. "रागावू नका, पाव्हणं. घरी एक जास्तीचा हाय. तो देतो. पर एक काम करावं लागंल."

काम असं होतं. औंढ्याच्या डोंगरात मोटारींची रॅली भरणार होती. परसराम दरवर्षी भाग घ्यायचा, कार्बोरेटरच्या गाड्यांच्या वर्गात. पूर्वी त्या वर्गात बऱ्याच गाड्या असायच्या, आता तो एकटा उरला होता. आयोजकांनी यंदा सांगून टाकलं होतं की कार्बोरेटरची गाडी एकूण निकालात पहिल्या तिनांत आली तरच हा वर्ग पुढं चालू राहील. नाहीतर पुढल्या वर्षापासून फक्त इंजेक्शनच्या गाड्या.

"म्हंजी माही गाडी बाद," परसराम म्हणाला. "मी न्हाई, गाडी. मला म्हणतील, परसरामभाऊ, या की बघायला, खुर्ची देतो."

रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी एक जोडीदार लागतो. हातातल्या वहीतून पुढची वळणं वाचून दाखवायला, घड्याळ सांभाळायला. त्याचा जोडीदार म्हणजे मेहुणा, पण मेहुण्याच्या शेतावर हळद शिजवायचा बॉयलर नेमका त्याच दिवशी येणार होता. बॉयलर एका शेतातून दुसऱ्या शेतात पाळीपाळीनं फिरतो. पाळी चुकली तर काढलेली हळद पडून राहते. तेव्हा मेहुण्याच्या जागी मी बसायचं, आणि बदल्यात जास्तीचा कार्बोरेटर मला.

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट काहून? सस्त्यात." आणि त्यानं खांद्यावरची दस्ती काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकली.

बैलबाजारातली ही पद्धत मी आमच्याकडेही पाहिली आहे. कपड्याखाली हात धरायचा, बोटांनी आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण मोटारीच्या भागासाठी हे करणारा माणूस पहिल्यांदा भेटला. परसरामचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहायचे, बैल घ्यायचे-द्यायचे, आणि त्या घरात व्यवहार म्हटला की अजून दस्तीच निघते. बोटांनी बराच वेळ भांडलो. तोंडानं मी कुणालाही हरवतो, पण बोटांना ओरडता येत नाही. तो जिंकला.

"कितीला सुटला, शेठ?" भजीवाल्यानं मला विचारलं. मी तोंड उघडणार तोच परसरामनं माझ्या दंडाला चिमटा घेतला.

"घेणाऱ्यानं आकडा बोलायचा न्हाई. देणारा बोलंल. घेणारा बोलला म्हंजी देणाऱ्यावर इस्वास न्हाई."

तांडा

डोंगरकड्याच्या अलीकडे रस्ता सोडून जीप शेतांतून गेली. जोंधळ्याची कणसं भरली होती, करडईला पिवळी फुलं, आणि वाऱ्यावर शिजत्या हळदीचा वास. तो वास ज्यांनी घेतला नाही त्यांना कसा सांगू? ओली माती, आलं आणि वाफ, तिन्ही एकदम. बॉयलरभोवती माणसांचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले. आमच्याकडे उसाच्या गुऱ्हाळावर जसा पाहुण्याला रस देतात तसा इथं काही देता येत नाही, म्हणून त्यांनी मला मूठभर उकडलेल्या हळकुंडांचा वास घ्यायला दिला. मी घेतला. सदऱ्यावर डाग पडला तो गेला नाही.

परसरामच्या आईनं जेवायला वाढलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. जोंधळ्याची भाकरी, करडईच्या पाल्याची भाजी, लसणाचा ठेचा आणि ताक. आम्ही कोल्हापूरकडची माणसं स्वतःला तिखटाचे राजे समजतो. याडीचा ठेचा खाल्ल्यावर मी ते राज्य सोडलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, माणूस चांगला दिसून राहिला. कुणाची तरी याद आली जणू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला जीपजवळ उभं केलं. पहाटेची थंडी होती. चोक ओढून त्यानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, पुन्हा थांबलं. मी हात बांधून उभा. माझी इंजेक्शनची गाडी एका चावीत सुरू झाली असती, आणि तसं मी सांगितलंही.

"होऊ द्या तुमची," तो म्हणाला. "माहीला आधी च्या लागते."

ज्यांना यंत्रातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण लागतं. इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो. कार्बोरेटरमध्ये कुणी मोजत नाही. इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीबरोबर एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल खेचलं जातं. खाली पेट्रोलची वाटी असते, वाटीत तरंगता फ्लोट, पाण्याच्या टाकीत चेंडू असतो तसा. वाटी भरली की पेट्रोल बंद. सगळं इतकं साधं. गाडी तिरकी झाली, जोरात वळली, तर वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिनाला ठसका लागतो. म्हणून तर जगानं कार्बोरेटर सोडला. मीही त्याच मताचा, अजूनही.

पण परसरामची गाडी चालवण्याची रीत मी त्या दिवशी पाहिली. वळणाच्या आधी तो पायाखालचा जोर किंचित सोडायचा, वाटी सपाट होऊ द्यायचा, मग गाडी आत टाकायचा. इंजिनाचा आवाज बदलला की बोलायचा, "घास मोठा झाला," किंवा "उपाशी हाय." खिशात चुन्याच्या डबीत वेगवेगळ्या छिद्रांचे जेट. सकाळच्या गार हवेला मोठा, ऊन चढलं की बारीक. चहा उकळेपर्यंत बदलून मोकळा. जेट तुंबला तर तार घालायची नाही, तारेनं छिद्र मोठं होतं. गोठ्यातल्या म्हशीच्या शेपटीचा केस घालायचा. म्हशीला हे माहीत होतं. परसराम पाना घेऊन आला की ती तोंड फिरवून उभी राहायची.

आणि हे सगळं तो गाजावाजा करून करायचा. लाजणाऱ्यातला नव्हे. "सांगा इचलकरंजीत, परसराम राठोड म्हून एक हाय," असं दर वळणाला. सरावात मी एक वळण वहीतून चुकीचं वाचलं, डावं म्हणालो आणि निघालं उजवं. जीप जोंधळ्यात. "पाव्हणं," कणसं डोक्यावरून झटकत तो म्हणाला, "तुमच्या गावात डावा हात कोन्त्या अंगाला असते?"

औंढा नागनाथ

रॅलीच्या सकाळी आधी नागनाथाचं दर्शन. देऊळ काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंतींवर हत्ती, घोडे, नर्तकी, एक इंच मोकळा नाही. आमच्या खिद्रापूरच्या देवळाचा मला मोठा अभिमान, पण इथं मी प्रदक्षिणा दोनदा घातली, दुसरी नुसती बघण्यासाठी. लिंग खाली भुयारात आहे, वाकून उतरावं लागतं. दमट उष्णतेत माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि पायरी चुकून मी एका यात्रेकरूच्या पाठीवर आदळलो. तो म्हणाला, "देवाला एवढी घाई न्हाई, भाऊ." बाहेर येऊन पेढे आणि गरम जिलेबी खाल्ली.

मैदानात गाड्यांची तपासणी चालू होती. चकचकीत गाड्या, लॅपटॉप लावलेले, एकेका गाडीमागे मेकॅनिकांची फौज. आमच्यामागे पाण्याचा कॅन. मला दिलेलं हेल्मेट इतकं घट्ट की गाल पुढं आले. आयोजकांचे प्रमुख, पांढऱ्या टोपीतले साहेब, सगळ्यांना नियम सांगत होते. एक नियम मी नीट लिहितो कारण सगळं त्यावर आहे. वहीबरोबर प्रत्येकाला एक लाल पाटी दिलेली असते. रस्त्यात कुणाला दुखापत झाली तर ती पाटी दाखवायची. मागून येणाऱ्या गाडीनं थांबलंच पाहिजे, थांबली नाही तर ती बाद. थांबल्यामुळे वाया गेलेली मिनिटं त्या गाडीला परत मिळतात. मात्र पाटी दाखवणाऱ्यानं शेवटी टेबलापाशी येऊन तसं सांगायला हवं.

गाड्या एकदम सुटत नाहीत, एकामागून एक, अंतर ठेवून. प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. कार्बोरेटरवाला सगळ्यात शेवटी, म्हणजे आमच्या मागं कुणी नाही. आमच्या लगेच पुढं विक्रांत, पहिल्या टप्प्यात टायर फुटल्यामुळे मागं आलेला. तरी एकूण वेळेत तो तिसरा होता आणि आम्ही त्याच्या अगदी पाठीवर.

शेवटचा टप्पा डोंगरातला. पळस फुलले होते, पण मला ते नंतर आठवलं. तेव्हा नजरेत फक्त वही. माती भुकटीसारखी, मग खडी, मग ओढा. ओढ्यात उतरण्याआधी परसरामनं थांबून पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही, पलीकडे परत चढवला. एवढा वेळ घालवूनही आमची गती चांगली होती. चढावर इंजिन असं गाऊ लागलं की मी वाचायचं विसरलो. "वाचा की!" तो ओरडला. मी ओरडून वाचलं. तिरक्या उतारावर वाटीतलं पेट्रोल सरकलं, इंजिनानं एक ठसका दिला, त्यानं क्लच मारून सांभाळलं आणि हसला. मला त्या क्षणी त्या लोखंडी डबीचा आणि त्या माणसाचा हेवा वाटला. माझ्या सगळ्या दुकानात असा माल नव्हता.

पुढल्या वळणापलीकडे विक्रांतची गाडी आडवी उभी होती आणि विक्रांत दोन्ही हातांनी लाल पाटी धरून रस्त्यात.

परसरामनं ब्रेक दाबला. विचार केला नाही. विक्रांतच्या जोडीदाराचं डोकं खड्ड्यातल्या उडीत गाडीच्या लोखंडी नळीवर आपटलं होतं. भुवई फाटलेली, रक्त गालावरून गळ्यात. शेजारच्या शेतात हरभरा काढणारी एक बाई धावत आली. काशीबाई तिचं नाव, मी मुद्दाम विचारून ठेवलं. तिनं घागरीतलं पाणी दिलं, कमरेच्या पिशवीतून हळदीची चिमूट काढून जखमेवर दाबली आणि पदराची पट्टी फाडून बांधली. "हालू नको रे लेकरा," ती त्याला म्हणत होती.

गाडीही बंद. विक्रांत चावी फिरवत होता, इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही. इथं माझा धंदा कामी आला. पुष्कळ इंजेक्शनच्या गाड्यांत एक खटका असतो, मोठा दणका बसला की तो पेट्रोलचा पंप बंद करतो, अपघातात आग लागू नये म्हणून. तो दाबून परत बसवावा लागतो. मी त्यांच्या डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, हेल्मेट अडकलं, ते काढलं, कोपर सोलवटलं, आणि खटका शोधून दाबला. त्यांची गाडी मी सुरू करून दिली. मी!

डॅशबोर्डाखालून वर आलो तर काचेतून दिसलं की परसराम आणि विक्रांत बॉनेटच्या पलीकडे समोरासमोर उभे आहेत आणि दोघांच्या हातांवर परसरामची दस्ती आहे. विक्रांत हसत होता. मान हलवत होता.

"काय ठरलं?" जीपमध्ये बसताना मी विचारलं.

"आमची जेवढी मिनिटं गेली तेवढी त्यानं द्यायची ठरली."

"किती?"

"पाव्हणं," तो म्हणाला, "मी घेणारा हाय."

टेबल

शेवटच्या ठिकाणी आमच्या आधी विक्रांत पोचला. त्याच्या जोडीदाराला डॉक्टरकडे नेलं होतं. टेबलामागे पांढऱ्या टोपीतले साहेब. निकालाच्या फळ्यावर विक्रांत तिसरा, परसराम चौथा. आमची मिनिटं परत धरली की आम्ही तिसरे, तो चौथा. लहान पोरालाही कळेल.

मी साहेबांना सगळं सांगितलं. घड्याळ माझ्या हातात होतं, वेळ मी टिपली होती.

"तुम्ही त्याच गाडीतले आहात," साहेब म्हणाले. "पाटी दाखवणाऱ्यानं सांगायला हवं. विक्रांत, तू पाटी दाखवलीस?"

विक्रांत पाण्याची बाटली पीत होता. "पाटी? नाही. आम्ही जरा थांबलो होतो. हे काका मदतीला आले, चांगले आहेत."

"पाटी नव्हती?" मी ओरडलो. "दोन्ही हातांनी धरली होतीस, ख्रिस्तासारखा उभा होतास रस्त्यात!"

"आवाज खाली," साहेब म्हणाले.

"त्याच्या जोडीदाराच्या भुवईवर हळद आहे, ती काय त्यानं आरशात बघून लावली?"

"हळद या जिल्ह्यात सगळीकडंच आहे," साहेब म्हणाले, आणि दोन-चार जण हसले.

"काशीबाईला बोलवा. पाणी तिनं दिलंय. जीपनं जाऊन आणतो मी तिला."

"निकाल लावायचा आहे. आम्ही कुणाकुणाला शोधत बसणार?" मग ते परसरामकडे वळले. मला वाटतं त्यांना खरंच एक संधी द्यायची होती. "राठोड, तुम्ही सांगा. तुमची किती मिनिटं गेली?"

एवढं बोलायचं होतं. एक आकडा. माझ्या घड्याळाशी जुळला असता तर साहेबांना विचार करावा लागला असता.

परसरामनं काळा चष्मा काढला आणि विक्रांतकडे बघितलं. "सांगा, साहेब."

"मी काय सांगू?"

"आकडा. तुमी हात धरून देल्ता."

"अहो, तुम्ही टॉवेल टाकून माझा हात धरलात," विक्रांत हसत म्हणाला. "मला वाटलं धीर देताय. इथली पद्धत असेल."

"पद्धतच हाय," परसराम म्हणाला.

"राठोड, आकडा तुम्ही सांगा," साहेब पुन्हा.

मी त्याचा दंड धरला. "परसराम, बोल. जाऊ दे तुझी रीत. गाडी बाद होतेय."

"घेणाऱ्यानं बोलायचं न्हाई," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. जो माणूस दर वळणाला स्वतःचं नाव घेत होता, तो टेबलाशी हात खाली सोडून उभा राहिला. "मी बोललो तर ते माहं मागणं झालं. त्यानं बोलायचं. त्यानं धरलाय हात."

साहेबांनी खांदे उडवले. "म्हणजे यांनाही माहीत नाही."

मग मी टेबलावर हात आपटला, जे बोललो ते इथं छापता येणार नाही, आणि दोन माणसांनी मला बाहेर नेलं. फळ्यावर खाली एक ओळ लिहिली गेली: पुढील वर्षापासून कार्बोरेटर वर्ग बंद.

परत

सकाळी परसराम अंगणात जीपजवळ बसला होता. त्यानं ठरलेला कार्बोरेटर कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला, ठरल्या भावात. मी बाजारात ज्या भावावर त्याच्याशी बोटांनी भांडलो होतो तो आता मला लाज वाटावी इतका सस्ता वाटत होता. पण वाढवून देऊ केलं असतं तर तो अपमान झाला असता, एवढं मी त्या जिल्ह्यात शिकलो होतो.

याडीनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी मी डिकीत ठेवत होतो, तेव्हा त्याला तिथला इंजेक्शनचा सेट दिसला.

"ह्यो बसंल का माह्या जीपला?"

"बसेल," मी म्हणालो. मला खोटं बोलता आलं असतं.

"मंग बसवा. पुढल्या साली त्यांच्यातच उतरतो. चालवायचं तर येतंच ना मला." त्यानं दस्ती खांद्यावरून काढायला हात घातला.

धंद्यात इतकी वर्षं काढली, चालून आलेलं गिऱ्हाईक मी कधी परत लावलं नाही. शेजारी बॉनेट उघडं होतं, आत तो लखलखता कार्बोरेटर, आणि मला चढावरचं इंजिनाचं गाणं आठवत होतं. मी डिकी आपटून बंद केली.

"विकायचा नाही," मी म्हणालो.

"काहून? पाव्हणं, रागावून राहिले का?"

"रागावलोच आहे. तुझ्यावर नाही."

तो उठला आणि त्यानं जीपचं बॉनेट हळूच खाली केलं. मी निघालो.

तेव्हा आता विक्रांत साहेब, मी तुम्हाला विचारतो, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसमोर विचारतो. त्या दुपारी औंढ्याच्या डोंगरात तुमच्या हातात लाल पाटी होती की नव्हती? परसरामची किती मिनिटं तुमच्याकडे आहेत? माझ्या घड्याळातला आकडा मला माहीत आहे, पण मी तो छापणार नाही. तो तुम्ही सांगायचा आहे. आणि पांढऱ्या टोपीतले साहेब, शेतात जाऊन काशीबाईला एक प्रश्न विचारायला तुम्हाला कोणती अडचण होती? त्या एका ओळीनं तुम्ही एक अख्खा वर्ग बंद केलात. ती ओळ कशाच्या जोरावर लिहिलीत, याचं उत्तर मला नको. डोंगरकड्याच्या तांड्यावर जा आणि परसराम राठोडला द्या.